भावी जीएस

सांगलीच्या कॉलेज कॉर्नरला उभं राहून मान वर केली, की आभाळाच्या आधी फ्लेक्स दिसतो आणि फ्लेक्सवर अध्यक्ष दिसतात. पांढरा कडक शर्ट, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल आणि नजर फ्लेक्सच्या बाहेर, साधारण विधान भवनाच्या दिशेला. वरच्या पट्टीत नेत्यांचे गोल फोटो. त्यात वसंतदादा असतात, आर. आर. आबा असतात आणि सध्या जो पक्ष चालू असेल त्यातले चारजण असतात. खालच्या पट्टीत शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइजचे चेहरे, दाटीवाटीनं. मधोमध ठळक अक्षरांत 'भावी जीएस'. वाढदिवस होऊन महिना उलटतो, फ्लेक्स उतरत नाही. महापालिकेचा माणूस शिडी घेऊन आला, की अध्यक्ष फोनवरूनच मिटवतात, "सायेब, उद्या काढतो की. आज पाव्हणं याय लागल्यात."

नाव सांगत नाही, कारण नाव प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं. आडनाव तालुक्याप्रमाणे बदलतं. गाव कधी तासगावकडचं, कधी कवठेमहांकाळचं, कधी पलूसचं. बाकी ऐवज तोच. हाकही सगळीकडे एकच : "अध्यक्ष!" कशाचे अध्यक्ष, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. विद्यार्थी आघाडीचे शहराध्यक्ष असतील, जिल्हा कार्याध्यक्ष असतील, ते नाही तर गल्लीतल्या गणेश मंडळाचे तरी असतीलच. सांगलीत ज्याला कुठलंच अध्यक्षपद नाही असा तरुण शोधायचा झाला तर वालचंद इंजिनिअरिंगच्या लायब्ररीत जावं लागतं, आणि तिथंही तो मान वर करत नाही.

जीएस म्हणजे काय, हे मात्र सांगितलं पाहिजे. तिशीच्या आतल्या वाचकानं तो बघितलेला नाही. जनरल सेक्रेटरी. एके काळी कॉलेजात पोरं मतं द्यायची. वर्गावर्गातून सीआर, म्हणजे वर्गाचे प्रतिनिधी, निवडून यायचे आणि बऱ्याच ठिकाणी हे सीआर मिळून जीएस ठरवायचे. त्याच्याही पुढं यूआर, म्हणजे विद्यापीठातला प्रतिनिधी. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, सांगली-साताऱ्याची कॉलेजं त्याच्याखाली आली आणि आमच्या यूआरना महिन्यातून एकदा कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा रस्सा हाणायचं शैक्षणिक कारण मिळालं.

त्या काळातले एक जीएस आज एका पतसंस्थेचे चेअरमन आहेत. विषय काढला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. "मतं सीआरची. मग सीआर सांभाळाय नकोत? आदल्या आठवड्यातच ट्रॅक्समध्ये घालायचं आणि पन्हाळ्याला न्यायचं. सकाळी नाष्टा, दुपारी मटण, रात्री पिक्चरच्या गप्पा. मतदानाच्या दिवशी थेट कॉलेजच्या गेटात उतरवायचं. मधी कुणाला लघवीला एकटं सोडायचं नाही." २०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा सगळा देश टीव्हीपुढं बसून होता. चेअरमनसाहेब तेवढे शांत होते. "विमान नवीन आहे," एवढंच म्हणाले.

सगळंच गमतीचं नव्हतं. हॉकी स्टिका खेळापेक्षा निवडणुकीत जास्त लागायच्या. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वैरातून ओवेन डिसूझा या विद्यार्थ्याचा खून झाला आणि कॉलेजच्या निवडणुका नकोतच, हे मत पक्कं होत गेलं. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं मतपेटी उचलली आणि तिच्या जागी गुणपत्रिका ठेवली. आदल्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी आपोआप सीआर. झालं! ज्याला आयुष्यात कुणाशी बोलायची इच्छा नव्हती, तो वर्गाचा आवाज झाला. हा सीआर नोटीस बोर्डावर आपलं नाव वाचून घाबरायचा आणि प्राचार्यांनी बोलावलं तर वही घेऊन जायचा. मागच्या बाकावर जी दहा-बारा पोरं बोलण्यासाठीच जन्माला आली होती, त्यांना वाटच उरली नाही. अध्यक्ष हे त्या मागच्या बाकाचं दुसऱ्या पिढीतलं अपत्य आहे.

अध्यक्षांनी कुणाकडे मत मागितलेलं नाही. मागायला निवडणूकच नव्हती. त्यामुळं नेतृत्वाच्या बाकीच्या सगळ्या कला त्यांनी तोंडपाठ केल्या आणि त्यातली पहिली म्हणजे निवेदन.

निवेदन देणं येरागबाळ्याचं काम नाही. मजकूर अर्ध्या पानाचा, लेटरहेड अर्ध्या पानाचं. 'मा. प्राचार्यसाहेब' अशी सुरुवात, मग 'वरील विषयास अनुसरून', मग मागणी. मागणी खरी असते, हे मी आवर्जून सांगतो. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर बंद आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. जतकडची पोरं सकाळी अंधारात घर सोडतात आणि शेवटची एसटी प्रॅक्टिकल संपायच्या आधी सुटते. निकाल लागला, त्यात हजर पोरगी गैरहजर दाखवली आहे. यातलं एकही खोटं नसतं. खोटं असतं ते शेवटचं वाक्य : 'येत्या आठ दिवसांत मागणी मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी आपण जबाबदार राहाल.' आठ दिवस कधी संपत नाहीत. फिल्टरचे आठ दिवस तर बी. ए. भाग एकपासून चालू आहेत.

त्याखाली 'प्रत माहितीसाठी'. ही यादी निवेदनापेक्षा मोठी. कुलगुरू, शिवाजी विद्यापीठ. जिल्हाधिकारी, सांगली. पोलीस अधीक्षक. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री. एकदा फिल्टरच्या निवेदनाची प्रत राज्यपालांना गेली होती, कारण ते कुलपती असतात हे अध्यक्षांना आदल्या रात्री कळलं होतं.

आणि फोटो. निवेदनाचा प्राण फोटोत असतो. एका टोकाला प्राचार्य, दुसऱ्या टोकाला अध्यक्ष, मधे कागद, दोघांचीही बोटं कागदावर आणि दोघांचीही नजर कॅमेऱ्यात. मागं सोळा माना. कागदात काय लिहिलं आहे ते त्या क्षणी कुणीही वाचत नाही. मुरलेले प्राचार्य स्वतःच म्हणतात, "खिडकीकडे तोंड करू या, उजेड चांगला येतो." एका प्राचार्यांनी तर टेबलाच्या खणात कंगवा ठेवला होता. फोटो झाला की शिपाई चहा आणतो, चहा झाला की विषय मिटतो आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पुरवणीत बातमी येते : 'फिल्टरप्रश्नी विद्यार्थी आक्रमक'. बातमीत अध्यक्षांबरोबर सोळाजणांची नावं असतात. एखाद्याचं राहिलं तर संघटनेत फूट पडते.

निवेदनानं भागलं नाही तर आंदोलन. इथं सांगलीचा पिंड लक्षात घ्यावा लागतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं, देवल-खाडिलकर इथलेच, आणि या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. तेव्हा इथलं आंदोलन नुसत्या घोषणांवर कसं भागेल? घंटानाद झाला, ठिय्या झाला, टाळे ठोको झालं. परीक्षा विभागाच्या नावानं गाजरवाटप झालं. शुल्कवाढीविरुद्ध भीक मागो झालं; त्यात जमलेल्या पैशांची भडंग आली. फाटकासमोर जागरण-गोंधळ घातला, तेव्हा गोंधळी खरे आणले होते आणि त्यांची सुपारी थकल्यामुळं दुसऱ्या दिवशी ते अध्यक्षांच्या घरासमोर ठिय्या मारून बसले होते. मुंडणाचा प्रस्ताव दोनदा आला. दोन्ही वेळा लग्नसराई होती.

पोलीस या नाटकातले अनुभवी नट. आदल्या संध्याकाळी हवालदाराचा फोन येतो, "अध्यक्ष, उद्या किती वाजता उचलायचं?"

"साडेअकराला या. अकराला पेपरवालं येणार हायत."

"बारा करा की, साडेअकराला मंत्र्याचा दौरा हाय."

"बरं, पावणेबारा. पण जरा ओढत न्या, काका. गेल्या वेळंला चालतच गाडीत बसवलं, फोटोला मजा आली न्हाय."

आधी एक नोटीस मिळते. 'एकशेएकोणपन्नासची नोटीस', म्हणजे काही गडबड झाल्यास जबाबदार धरू, अशी ताकीद. जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन २०२४ च्या जुलैत नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. अध्यक्ष अजून एकशेएकोणपन्नासच म्हणतात, कारण त्या आकड्याला वजन आहे. त्यांच्या खोलीत पदवीचं प्रमाणपत्र गुंडाळी करून कपाटावर आहे आणि नोटिसा लॅमिनेट करून भिंतीवर आहेत. २४ जुलैला वसंतदादांच्या पुतळ्याला हार घालताना ते या भिंतीचा उल्लेख करतात. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, त्यांना गोळी लागली, दोन साथीदार गेले. अध्यक्षांच्या भाषणात तुरुंग आणि अर्ध्या तासाची स्थानबद्धता एकाच वाक्यात येतात, आणि ऐकणाऱ्यांत एखादा म्हातारा असला तर तो चप्पल शोधू लागतो.

पेहरावाबद्दल फार लिहीत नाही. बुलेट भावाची, स्कॉर्पिओ मित्राची, शर्ट मात्र स्वतःचा. वर्गात जायची वेळ आली तर अध्यक्षांना वर्ग कुठला हे विचारावं लागतं. पण अकाउंट सेक्शन, स्कॉलरशिपचं टेबल, परीक्षा विभाग आणि रेक्टरची खोली डोळे बांधून सांगतील. शिपायांच्या पोरांची बारशी त्यांना पाठ. प्राध्यापकांना ते 'सर' म्हणतात, हेडक्लार्कला 'साहेब'. सत्ता कुठं असते, हे त्यांना राज्यशास्त्राच्या पुस्तकाआधी कळलेलं आहे.

पक्षाचा विषय नाजूक आहे. वर युती बदलली की खाली अध्यक्षांचं उपरणं बदलतं, आणि गेल्या काही वर्षांत वर इतकं बदललं की त्यांनी तीनही रंगांची उपरणी बुलेटच्या डिकीत ठेवली. २०२२ ला एक पक्ष फुटला, २०२३ ला दुसरा. एका सकाळी त्यांची संघटना उठली तर ती दोन झाली होती. दोन्हीकडून जिल्हाध्यक्षपदाचे फोन आले. अध्यक्षांनी दोन दिवस मोबाईल बंद ठेवला. त्यांच्या सार्वजनिक जीवनातलं हे सगळ्यात मोठं उपोषण. विचारधारेबद्दल विचारलं तर म्हणतात, "आपण शाहू, फुले, आंबेडकर, छत्रपती सगळ्यांना मानतो. विषय फक्त तिकिटाचा हाय."

आता २०१९. त्याच्या आधी कायदा बदलला होता. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात, कलम ९९ मध्ये, विद्यार्थी परिषद मतदानानं निवडायची तरतूद परत आली. कायदा २०१७ च्या मार्चपासून लागू झाला. अध्यक्षांनी कलमाची झेरॉक्स खिशात ठेवली आणि ती फाटेपर्यंत वाट बघितली. २०१९ च्या पावसाळ्यात निवडणुका घेणार असं जाहीर झालं, तेव्हा कॉलेज कॉर्नरच्या चहावाल्यानं दुसरं पातेलं घेतलं. पॅनेलं पडू लागली. कारखान्याच्या आणि सोसायटीच्या निवडणुका बघत वाढलेली पोरं ही. 'परिवर्तन पॅनेल' कुणाचं आणि 'विकास पॅनेल' कुणाचं यावरच तीन बैठका गेल्या. जुन्या चेअरमनसाहेबांना मार्गदर्शनाला बोलावलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "ट्रॅक्स कुणाची हाय?"

त्याच बैठकीत लॉ कॉलेजच्या एका पोरीनं नियमांचा विषय काढला. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये लागू केल्या, त्या तिनं मोबाईलवर वाचून दाखवल्या. छापील पोस्टर चालणार नाही, हातानं केलेलं पाहिजे. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या वर नको. अध्यक्षांचा नुसता वाढदिवसाचा फ्लेक्स त्याच्या वर जातो. हजेरी पंचाहत्तर टक्के. त्या वर्षी एकही विषय राहिलेला नको. पदवीच्या विद्यार्थ्याचं वय बावीसच्या आत, पदव्युत्तरला चोवीस-पंचवीस, संशोधकाला अठ्ठावीस.

बैठकीत शांतता पसरली. हजेरी, विषय, वय. ज्या निवडणुकीसाठी अध्यक्षांनी एवढे कागद दिले, घंटा वाजवल्या, गाजरं वाटली, तिला उभं राहायला अख्ख्या कॉर्नरवर एकटे तेच अपात्र होते. एखादा खचला असता. अध्यक्षांनी चहा संपवला, गॉगल केसांवर चढवला आणि म्हणाले, "आपल्याला कुठं उभं ऱ्हायचंय? आपण किंगमेकर." पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या पोरीनं वाजवल्या नाहीत. उभी राहिली असती तर तीच आली असती, असं माझं मत आहे, आणि अध्यक्षांचंही असावं. नंतर ते तिच्याकडे बघून बोलेनासे झाले.

पण कुणालाच उभं राहावं लागलं नाही. ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, गावभाग, मारुती चौक बुडाले, शाळा-कॉलेजांचे वर्ग पूरग्रस्तांनी भरले. त्या आठवड्यात अध्यक्ष कुठं होते, हे कॉर्नरवर कुणाला ठाऊक नव्हतं. पुढं कळलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून दुधाच्या पिशव्या आणि म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या पोचवत होते. त्या आठवड्यातला त्यांचा एकही फोटो नाही. मोबाईल पाण्यात पडला होता, असं कारण ते देतात. मला ते पटत नाही. सोळा पोरं बरोबर होती आणि सोळांचे मोबाईल एकदम पाण्यात पडत नाहीत. पण अध्यक्षांना याबद्दल छेडलं की ते अवघडतात आणि विषय एसटीच्या पासवर नेतात.

पूर ओसरला तर विधानसभा लागली. विधानसभा झाली तर महिनाभर सरकार बनेना. सरकार बनलं तर कोरोना आला. कॉलेजची निवडणूक राहिली ती राहिली.

अध्यक्षांचं मात्र कोरोनावर ऋण आहे. नव्हे, अध्यक्षांवर कोरोनाचं. २०२० साली अंतिम वर्षाच्या परीक्षा रद्द करा म्हणून त्यांनी मास्क लावून जी निवेदनं दिली, त्यांचा गठ्ठा वजनावर विकता आला असता. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की परीक्षेशिवाय पदवी नाही. अध्यक्षांनी निषेध नोंदवला आणि घरी बसून मोबाईलवर पर्यायी प्रश्नांची परीक्षा दिली. भाग एकपासून मागं राहिलेले विषय एका झटक्यात सुटले. टक्के अठ्ठ्याहत्तर! निकालाची बातमी ऐकून वडील द्राक्षबागेतून धावत आले, ते घात झाला असं समजून.

वडिलांचं, म्हणजे तात्यांचं, आणि अध्यक्षांचं संभाषण वर्षातून दोनदा होतं, एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीला.

"कितवीला हाईस आता?"

"तात्या, एम. ए. झालं की. आता लॉ."

"मग वकील हुणार व्हय?"

"बघूया की. आबा पण वकीलच होतं."

आबांचं नाव निघालं की तात्या गप्प होतात. अंजनीचा गरीब घरातला पोरगा, सांगलीत शिकला, १९७९ मध्ये जिल्हा परिषदेवर गेला, १९९० ला तासगावातून आमदार झाला आणि पुढं राज्याचा गृहमंत्री. हे या भागातल्या प्रत्येक बापानं पाहिलं आहे. म्हणूनच दर ऑक्टोबरला औषध मारायला मजूर लावतात आणि पोराला पेट्रोलला पैसे देतात. आबा जिल्हा परिषदेला उभे राहिले होते, लोकांच्या दारात गेले होते, हा मधला भाग तात्या आणि अध्यक्ष दोघंही वगळतात.

२०२२ मध्ये विद्यापीठाच्या अधिसभेची पदवीधर गटाची निवडणूक लागली. अध्यक्ष आता पदवीधर! त्यांनी अख्ख्या तालुक्याचे मतदार नोंदणीचे अर्ज भरून घेतले, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्सा काढल्या, फोटो चिकटवले. स्वतःचा अर्ज तेवढा बुलेटच्या डिकीत उपरण्यांखाली राहिला. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून ते चिठ्ठ्या वाटत होते. आत गेले नाहीत. एकानं खोचून विचारलं, तर म्हणाले, "यंत्रणा सांभाळणारा माणूस भाईरच लागतो."

पुढच्या वर्षी महापालिकेची मुदत संपून तिथं प्रशासक बसले. तेव्हा अध्यक्षांना जरा बरं वाटलं. निवडणुकीविना ताटकळणारे नगरसेवकही आता कॉर्नरवर चहाला येऊ लागले, आणि 'भावी' या पदाला गावात अनुभवी माणूस म्हणून अध्यक्षांचा सल्ला घेऊ लागले.

सध्या ते पीएच. डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करत आहेत. संशोधनाची ओढ लागली असं नाही. संशोधकाला वयाची सवलत अठ्ठावीसपर्यंत आहे, हे त्या पोरीनं वाचलेलं वाक्य त्यांच्या डोक्यात राहिलं. विषय ठरला आहे : 'सांगली जिल्ह्यातील विद्यार्थी चळवळ : एक अभ्यास'. संदर्भसाहित्य म्हणून स्वतःच्याच बातम्यांची कात्रणं आहेत. मार्गदर्शक मिळत नाही. ज्या सरांकडे जागा आहे, त्यांना अध्यक्षांनी तीन वेळा घेराव घातलेला आहे. जागा मिळेपर्यंत अठ्ठाविसावं सरेल अशी चिन्हं आहेत, पण ते कुणी त्यांना सांगत नाही.

हसून झालं असेल तर जूनमध्ये एकदा कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसबाहेर जाऊन उभे राहा. प्रवेशाचे दिवस. आटपाडीकडून एक पोरगी आलेली असते, बरोबर आजोबा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. खिडकीतला माणूस सांगतो, नॉन-क्रिमिलेअर नाही, पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल. कधी येईल? ते महाडीबीटीला विचारा. महाडीबीटी हे संकेतस्थळ आहे, त्याला तोंड नाही. आजोबा पिशवी या हातातून त्या हातात घेतात. तेवढ्यात मागून आवाज येतो, "काय विषय हाय, आजोबा?"

पुढची दहा मिनिटं बघण्यासारखी असतात. अध्यक्षांना शासन निर्णयाची तारीख पाठ असते. सवलतीत बसणाऱ्या विद्यार्थ्याकडून किती रक्कम घ्यायची, उरलेली कुणाकडून, हे ते खिडकीतल्या माणसाला त्याच्याच रजिस्टरमधून दाखवतात. आवाज चढत नाही. फोटोवाला बोलावलेला नसतो. "साहेब, हप्ता पाडून द्या. दाखल्याचं मी सेतूत बघतो. पोरगी आटपाडीवरनं परत परत कशी येणार?" हप्ता पडतो. आजोबा खिशातून पन्नासची नोट काढतात, अध्यक्ष त्यांचा हात धरून परत खिशात घालतात आणि वर एसटी स्टँडपर्यंत बुलेटवर सोडतात. जूनभर हेच. त्या पोरींपैकी एकीनंही त्यांना कधी मत दिलेलं नाही, आणि मत म्हणजे काय हे न बघताच त्या पदवीधर होऊन जातात.

वर्गात पहिला येणारा सीआर हे काम करू शकत नाही. प्राचार्य करणार नाहीत, त्यांना खिडकीतल्या माणसाशी उद्याही नांदायचं आहे. हे काम मागच्या बाकाचं आहे. त्यांना आपण इतकी वर्षं फ्लेक्स, उपरणं आणि निवेदन या तीनच वस्तू दिल्या. चौथी, मतपत्रिका, देतो म्हणून दिलीच नाही. मग फोटोत मान दिसावी म्हणून सोळाजण टाचा उंचावतात, यात त्यांचा दोष किती?

म्हणून एक निवेदन माझंही. मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, कलम ९९ आपल्याच पुस्तकात आहे, एकदा मतपेटी ठेवा. अध्यक्षांना वयाची, हजेरीची सगळी सूट एका वेळेपुरती द्या आणि त्या लॉ कॉलेजच्या पोरीसमोर उभं करा. मतं मोजून आकडा फळ्यावर लिहा. पडले तर तासगावला ऑक्टोबरची छाटणी खोळंबली आहे, तात्या वाट बघत आहेत. निवडून आले, तर पाण्याच्या फिल्टरचं निवेदन आता कुणाला द्यायचं, ते त्यांचं त्यांनी बघावं.